शिकवणारीचा मुलूख

भाताची झोडणी उरकून शेते मोकळी झाली, म्हणजे डहाणूच्या किनारपट्टीपासून तलासरी तालुक्याच्या गुजरातला भिडलेल्या पाड्यांपर्यंत जागोजाग कबड्डीची मैदाने आखली जातात, आणि दिवसभराचे काम आटोपून आलेली माणसे रात्री उशिरापर्यंत त्या चुन्याच्या रेषांभोवती दाटीने उभी राहतात, हा या मुलुखाचा जुना परिपाठ आहे. या मैदानांवर मुलीही उतरतात. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतील आश्रमशाळांच्या ज्या क्रीडास्पर्धा भरतात, त्यांत वारली, कोकणा, धोडिया घरांतल्या मुलींची चढाई ज्याने एकदा पाहिली आहे, त्याला त्यांच्या चपळाईविषयी आणखी काही सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु दहावी-बारावीची परीक्षा झाली की लग्न, वीटभट्टीवरचे स्थलांतर किंवा किनाऱ्यावरच्या बागांतली मजुरी यांपैकी एखादी वाट बहुतेकींच्या वाट्याला येते आणि खेळ सुटतो. खेळ सुटण्याचे दुःख आहेच. पण त्याहून मोठी हानी ही की, त्या मुलीच्या देहाने वर्षानुवर्षे कमावलेली विद्या दुसऱ्या कोणाच्याही हाती न जाता तिच्याबरोबरच लोपते. ही विद्या पुढे नेणारी, म्हणजे स्वतःचा खेळ संपल्यावर दुसरीला शिकविणारी स्त्री, हिच्याविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे. आणि म्हणूनच नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षक शैलजा जैन यांच्या कारकीर्दीचा मागोवा येथे, त्यांच्या जिल्ह्याला लागून असलेल्या आमच्या जिल्ह्यातून, घ्यावासा वाटतो.

या कारकीर्दीचे मोल कळण्यासाठी स्त्रियांच्या कबड्डीचा पूर्वेतिहास थोडा पाहिला पाहिजे. एके काळी हुतूतू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या खेळाला नियमांची चौकट देण्याचे श्रेय बव्हंशी महाराष्ट्रातील क्रीडामंडळांचे आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले, आणि पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आपले आयुष्य ज्या निष्ठेने या खेळाला वाहिले तिचे स्मरण म्हणून १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आजही कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. स्त्रियांचे राष्ट्रीय सामने १९५०च्या दशकातच सुरू झाले होते, आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी ठरलेल्या पुण्याच्या शकुंतला खटावकर यांच्यासारख्या खेळाडूंनी महाराष्ट्राचा दबदबा देशभर निर्माण केला होता. असे असूनही, पुरुषांच्या कबड्डीला आशियाई क्रीडास्पर्धेचे दार १९९० साली बीजिंगला उघडले, तर स्त्रियांना त्या उंबरठ्यावर २०१० पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, तिष्ठत राहावे लागले. ज्यांचा खेळ या वीस वर्षांत ऐन बहरात होता आणि या वीस वर्षांतच संपला, त्यांच्यापुढे एकच मार्ग उरला होता, आणि तो शिकविण्याचा.

शैलजाताईंनी तो मार्ग पत्करला. स्वतः मैदानावर घाम गाळल्यानंतर त्यांनी नाशिकला कित्येक दशके प्रशिक्षकाचे काम केले. त्यांच्या हाताखालून राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुलींची मालिकाच निघाली. अशा कामाचे वृत्त वर्तमानपत्रांत क्वचितच येते, कारण जिंकणारीचे छायाचित्र छापले जाते आणि तिचा घोटा पकडण्याचा हात ज्या बाईने महिनोन्महिने घटविला ती चौकटीबाहेर राहते. तो हात घटविणे म्हणजे काय, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. स्त्रियांचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. त्यातील आपल्या अर्ध्या भागात सात जणींनी उभे राहायचे, आणि प्रतिस्पर्धी मुलगी ‘कबड्डी, कबड्डी’ असा दम घुमवीत आत आली की तीस सेकंदांच्या आत सारा निकाल लागायचा. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मुलीला चांगला प्रशिक्षक प्रथम हे शिकवितो की, चढाई करणारीच्या हातांच्या हुलकावण्यांकडे लक्ष न देता नजर तिच्या कमरेवर आणि पुढच्या पावलावर ठेवावी. निदान रेषा ओलांडून ते पाऊल बोनस रेषेकडे सरकले की गुडघ्यांत वाकून दोन्ही हातांनी घोटा धरावा, आणि तो क्षणही लवकर येऊन चालत नाही, उशिरा येऊन तर मुळीच चालत नाही. पण एकटीने धरलेला घोटा सुटतो. म्हणून साखळीतील शेजारणीने त्याच निमिषात कमरेला मिठी घातली पाहिजे, आणि मध्यरक्षक मुलीने परतीची वाट अडविली पाहिजे. तिघींनी एकाच वेळी एकच निर्णय घ्यायचा, तोही एकमेकींकडे न पाहता! हे पुस्तकावरून शिकता येत नाही. ते ज्या देहाने केले आहे त्याच देहाने करून दाखवावे लागते. आणि प्रशिक्षक पूर्वाश्रमीची खेळाडू असणे का आवश्यक आहे, याचे उत्तर याहून वेगळे देण्याची गरज नाही.

२०१० साली ग्वांगझूला आणि २०१४ साली इंचॉनला भारतीय महिलांनी आशियाई सुवर्णपदक मिळविले. मधल्या काळात, २०१२ साली, पाटण्याला झालेल्या विश्वचषकात भारताने अंतिम सामन्यात इराणला हरविले तेव्हा अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तीन मराठी मुली संघात होत्या, आणि महाराष्ट्र शासनाने प्रत्येकीला १ कोटी रुपये देऊन जो गौरव केला तो सर्वस्वी उचित होता. शैलजाताईंच्या मनात भारतीय संघाला शिकविण्याची उत्कट आकांक्षा होती. ती सफल झाली नाही. अशा वेळी इराणकडून विचारणा झाली आणि २०१७ साली त्यांनी ती स्वीकारली.

आमच्या भागातल्या माणसाला इराण हा शब्द परका वाटत नाही. पारशी जेथे उतरले ते संजाणचे बंदर येथून हाकेच्या अंतरावर आहे. पारशांचा पवित्र अग्नी ज्या बाहरोटच्या गुहांत काही वर्षे लपवून ठेवला होता त्या याच परिसरातल्या डोंगरात आहेत. आणि डहाणू-घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या उभारण्यात इराणी कुटुंबांचा मोठा वाटा आहे. त्या देशातून माणसे आश्रयाला आणि उदीमाला इकडे आली, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. इकडची एक मराठी बाई तिकडे विद्या द्यायला गेली, ही घटना मात्र नवी होती, आणि तिचा आनंद मला आजही वाटतो.

तेथे त्यांच्यापुढे अडचणींची वाण नव्हती. भाषा अपरिचित, आहार भिन्न आणि त्या स्वतः शाकाहारी, वेशाचे नियम कडक. त्यांनी दुभाष्यावर अवलंबून न राहता फारसी शिकायला घेतली, कारण पकडीच्या क्षणी द्यावयाची सूचना तिसऱ्याच्या तोंडून पोहोचेपर्यंत चढाई करणारी मध्यरेषा ओलांडून गेलेली असते. इराणी मुली अंगापिंडाने बळकट होत्या, कुस्तीची परंपरा असलेल्या देशातल्या होत्या. त्यांच्या सरावात शैलजाताईंनी योगासने आणि प्राणायाम आणला. ज्या खेळात दम सुटला की डाव सुटतो, त्या खेळाला श्वासाची शिस्त किती उपकारक आहे हे वेगळे सांगायला नको. त्याच वर्षी नोव्हेंबरात गोरगान येथे इराणच्याच भूमीवर झालेली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भारतीय महिलांनी जिंकली. तेव्हा कोणी असे भाकीत केले नसते की, पुरते वर्ष उलटण्याच्या आत चित्र पालटेल.

२३ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या पुरुष संघाला इराणने उपांत्य सामन्यात पराभूत केले. ज्या सुवर्णपदकावर १९९० पासून भारताचा एकछत्री अंमल होता ते प्रथमच हातचे गेले. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना. भारतीय संघात सोनाली शिंगटे आणि सायली केरीपाळे या महाराष्ट्राच्या मुली, आणि समोरच्या संघाच्या बाकावर नाशिकच्या शैलजा जैन. मध्यंतरास भारताची अल्पशी आघाडी होती. उत्तरार्धात इराणच्या मुलींनी घाई न करता, धोका पत्करण्याचे काम प्रतिपक्षावर सोपवून, एकेक गुण वेचला आणि सामना २७-२४ असा जिंकला. भारत हरल्याचे दुःख झाले, पण आपण उत्तम प्रशिक्षक आहोत हे सिद्ध करण्याची ईर्षा मनात होती, असे शैलजाताईंनी नंतर मोकळेपणाने सांगितले. या कबुलीत मला कसलाही दोष दिसत नाही. ज्या घराने आपले कसब वापरले नाही त्या घराविषयीचा राग तीत असेल. पण त्या रागाचे त्यांनी विद्येत रूपांतर केले, आणि ती विद्या ज्या मुलींनी मागितली त्यांना हातचे न राखता दिली.

मायदेशाच्या संघाविरुद्ध उभे राहण्याचा प्रसंग इतरही थोर प्रशिक्षक स्त्रियांवर आला आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फुटबॉल प्रशिक्षक जिल एलिस यांना लहानपणी त्या देशात संघात खेळायला मिळाले नाही. १९८१ साली कुटुंबाबरोबर अमेरिकेत आल्यावर त्या फुटबॉलमध्ये आघाडीच्या फळीत खेळू लागल्या, महाविद्यालयात नावाजल्या, आणि नंतर एका दूरध्वनी कंपनीतली तांत्रिक लेखनाची चांगली नोकरी सोडून कितीतरी कमी वेतनावर एप्रिल हाइनरिक्स यांच्या साहाय्यक झाल्या. हाइनरिक्स याही आघाडीच्याच खेळाडू, १९९१ च्या विश्वविजेत्या अमेरिकन संघाच्या कर्णधार, आणि पुढे त्या राष्ट्रीय संघाच्या पहिल्या स्त्री प्रमुख प्रशिक्षक. २००४ साली अथेन्सला त्यांच्या संघाने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. त्यांच्याकडे उमेदवारी केलेल्या एलिस यांनी २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक अमेरिकेला जिंकून दिले, आणि दुसऱ्या वेळी उपांत्य सामन्यात हरविले ते इंग्लंडलाच. अमेरिकेचे वैभव बहुधा पैशाच्या खाती मांडले जाते. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ही गुरुपरंपरा, की जीत एका आघाडीच्या खेळाडूने दुसरीला हाताशी धरले आणि राष्ट्रीय संघाची सूत्रे स्त्रीच्या हाती सोपविण्यास तिथले क्रीडाधुरीण कचरले नाहीत.

इकडे भारतीय महिलांनी हांगझूच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली चिनी तैपेईच्या संघाला २६-२५ असे हरवून सुवर्णपदक परत आणले, आणि योगायोगाने ते त्या स्पर्धेतील भारताचे शंभरावे पदक ठरले. सोनाली शिंगटे त्याही संघात होती.

डहाणू तालुक्याला शिकविणाऱ्या स्त्रीची ओळख कबड्डीच्या मैदानावर होण्यापूर्वीच झालेली आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि शाळेत न येऊ शकणाऱ्या वारली मुलांसाठी शाळाच गुरे चारण्याच्या कुरणात नेली. त्या दोघीही या भूमीतल्या नव्हत्या. शैलजाताई इराणच्या नव्हत्या, एलिस जन्माने अमेरिकेच्या नव्हत्या. तरी जेथे शिकणाऱ्या मुली होत्या तो मुलूख त्यांचा झाला. आमच्या आश्रमशाळांत मात्र शिकविणारी बाहेरून येण्याची वाट पाहावी लागू नये, इतक्या खेळाडू मुली येथेच आहेत. तलासरीच्या महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या आणि प्रकल्पस्तरावर चमकलेल्या मुलींतून दरसाल दोघी-तिघींची निवड व्हावी, त्यांना पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत रीतसर प्रशिक्षणासाठी पाठवावे, त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा, आणि परतल्यावर त्यांची नेमणूक मानधनावर नव्हे तर पूर्ण वेतनावर त्यांच्याच आश्रमशाळेत करावी.