कागदाची फुले, मोजलेले पुंकेसर

‘मला कुठे चित्र काढता येतं!’ भित्तिपत्रक करायचे ठरले, की शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येते. आपणही असे म्हणत असाल, तर मेरी डिलेनी या इंग्लिश बाईंची हकीकत जरूर वाचा.

त्यांचा जन्म १७०० सालचा. १७६८ मध्ये पतीचे निधन झाल्यावर त्या आपल्या मैत्रिणीकडे, म्हणजे पोर्टलंडच्या डचेसकडे, बुलस्ट्रोड येथे बराच काळ राहत. १७७२ मध्ये तिथे एके दिवशी जिरेनियमच्या पाकळीचा आणि जवळच्या लाल कागदाचा रंग अगदी सारखा असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी कात्री घेतली आणि कागदाच्या पाकळ्या कापल्या. मैत्रिणीला ते फूल खरेच वाटले, असे सांगतात. बाईंचे वय तेव्हा ७२ होते!

पुढच्या दहा वर्षांत त्यांनी सुमारे ९८५ वनस्पती कागदातून साकारल्या. खरी डहाळी समोर ठेवायची, रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापायचे आणि काळ्या रंगवलेल्या कागदावर ते एकावर एक चिकटवायचे, अशी त्यांची पद्धत. कृष्णकमळाच्या कुळातल्या एका फुलात असे दोनशेहून अधिक तुकडे आहेत.

यात विज्ञान कुठे आले? लिनियसने सपुष्प वनस्पतींचे वर्ग पाडले, ते मुख्यतः पुंकेसरांची संख्या आणि मांडणी पाहून. बाईंनी चित्रांना याच पद्धतीची लॅटिन नावे दिली आणि पुंकेसरही मोजून लावले. जोसेफ बँक्ससारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या अचूकपणाची वाखाणणी केली. आज ही चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

मग ही कला एका दिवसात अवतरली का? नाही. भरतकाम, शिंपल्यांची नक्षी, कागदाच्या आकृत्या कापणे, बागेची आवड हे सारे आयुष्यभर चालूच होते. बोटांना कात्रीची सवय होती, डोळ्यांना फुलांची. या दोन गोष्टी एकत्र यायला मात्र बहात्तरावे वर्ष उजाडले. १७८२ मध्ये नजर फारच अधू झाली, तेव्हा हे काम थांबले. १७८८ मध्ये त्या वारल्या.

करून पाहा

मुलांना मोहरीचे फूल आधी आठवणीने कागदातून करू द्या. मग प्रत्येकाच्या हाती खरे फूल द्या. ४ निदले, ४ पाकळ्या, ६ पुंकेसर. त्यांतले ४ लांब, २ आखूड. हे मुलांना शोधू द्या, आपण आधी सांगू नका. आता तेच फूल पाहून पुन्हा करायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्यात पुंकेसर किती होते?

आणि हो, एक कात्री स्वतःसाठीही ठेवा.