बुडबुड्यापुढे अडलेलं इंजिन

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत प्लग असतो. इथे जाळ काढायला आहे ती फक्त हवा. पिस्टन वर येताना सिलिंडरभर हवा मूळच्या जागेच्या सुमारे अठराव्या भागात कोंबतो आणि ती 500 अंशांच्याही वर तापते. त्यात डिझेलचा फवारा आला की तो आपणहून पेटतो. रुडॉल्फ डिझेलने जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये असं इंजिन 1897 साली यशस्वी करून दाखवलं. काडीशिवाय, नुसत्या दाबाने जाळ! मला याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

त्याहून मोठं नवल म्हणजे, हीच हवा डिझेलच्या पाइपात शिरली तर तेच इंजिन मुकाट बसतं. टाकी रिकामी होईपर्यंत चालवलेला ट्रॅक्टर आठवा. डिझेल ओतलं, सेल्फ मारला, इंजिन गरगर फिरतंय, पण धरत नाही. मिस्त्री म्हणतो, ‘एअर घेतली.’

होतं काय, तर जुन्या पद्धतीच्या पंपातला दट्ट्या एका वेळी तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढंच डिझेल ढकलतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, त्यामुळे तो धक्का जसाच्या तसा फवारा सोडणाऱ्या नोझलपर्यंत पोहोचतो आणि 200 बारच्या आसपास नोझल उघडतं. मध्ये बुडबुडा असेल तर दट्ट्याचा सगळा जोर त्याला आवळण्यात जातो. दट्ट्या मागे फिरला की बुडबुडा पुन्हा फुगतो. नोझल मिटलेलंच. हवा दबते म्हणून सिलिंडरात आग होते, आणि हवा दबते म्हणूनच पाइपात सगळं अडतं.

म्हणून इंजिन फिरतंय पण सुरू होत नाही, अशा वेळी आधी सायलेन्सरकडे बघावं. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचतंय, पण पेटत नाही. मग हीटर प्लग, कॉम्प्रेशन, टायमिंग तपासायचं. धुराचा मागमूस नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. जुन्या पंपावर चावी फिरवताना डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडचा ‘टक्’ ऐकावा. तो नसेल तर दोष वायरीत किंवा सोलेनॉइडमध्येच असू शकतो, आणि पंप विनाकारण खोलला जात नाही.

सगळ्यात चकवणारी गळती जमिनीवर एक थेंबही पाडत नाही. ज्या गाडीची टाकी पंपाच्या खाली असते, तिथे फीड पंप डिझेल ओढून घेतो. पाइपातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी गाडी अडते. यावर जाणत्या मिस्त्रीचा उपाय फार सुंदर आहे: मध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा जोडायचा आणि बुडबुडे डोळ्यांनी बघायचे. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. आधी फेस येतो, मग सलग डिझेल. तेव्हा स्क्रू आवळायचा. तरीही धरलं नाही तर नोझलकडचे नट किंचित सैल करून सेल्फ मारतात.

हे शेवटचं कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या, गाडीत कधीही करू नये! तिथे दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. तो झोत कातडी भेदून आत शिरतो. दिसतं सुई टोचल्याएवढं, पण तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते.

या गाड्यांत रेलमधला दाब ठरावीक पातळीला, बहुधा काहीशे बारला, पोहोचेपर्यंत संगणक इंजेक्टर उघडतच नाही. एखादा इंजेक्टर आतून झिजला असेल तर त्यातून डिझेल रिटर्नच्या वाटेने परत जातं आणि दाब चढत नाही. तो ओळखायला प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारखी छोटी बाटली लावतात आणि सेल्फ मारतात. जी बाटली इतरांच्या पुष्कळ पुढे भरते, तिचा इंजेक्टर काढायचा.