डब्यातली जागा

आमच्याकडे दिवाळीची सुरुवात आकाशकंदिलाने होत नाही, रिकामे डबे शोधण्याने होते. स्टेट कॉलेज हे विद्यापीठाचं गाव. मराठी घरं मोजकीच, आणि आपली माणसं विखुरलेली: एक बहीण पिट्सबर्गला, नणंद फिलाडेल्फियाजवळ, मैत्रीण थेट टेक्ससमध्ये. त्यामुळे फराळाचा मोठा भाग पोस्टाने जातो. गेल्या वर्षी मी बेसनाचे लाडू मोठ्या हौसेने पाठवले. चार दिवसांनी बहिणीचा फोन आला, "ताई, चव अगदी आईच्या हातची आहे गं, पण आम्ही चमच्याने खातोय."

यंदा ऑक्टोबरात माझे सासरे इथे होते. बाबांची सगळी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत झाली. हा कारखाना १८६९ सालचा. कामाबद्दल ते घरात कधीच फार बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. मी लाडू डब्यात भरत होते, ते लांबून बघत होते. शेवटी राहवेना, तेव्हा उठून आले.

"सूनबाई, हे तू भरत नाहीयेस, ओततेयस."

त्यांनी सगळे लाडू बाहेर काढले. गोल डबा घेतला. मधोमध एक लाडू ठेवला आणि त्याच्याभोवती सहा. सहाच बसतात, सातव्याला जागा उरत नाही, आणि सहाही जण मधल्याला आणि शेजाऱ्याला टेकतात. मग दुसरा थर लाडवांच्या डोक्यावर न रचता खालच्या खळग्यांत बसवला. उरलेल्या फटींत मूठमूठ कुरमुरे सोडले, डबा हलके आपटला, पुन्हा कुरमुरे. झाकण लावून त्यांनी डबा माझ्या कानाशी नेऊन हलवला. आवाज नाही.

"मोकळी जागा म्हणजे हालचाल. हालचाल म्हणजे मोडतोड," ते म्हणाले. "काडतूस काय आणि लाडू काय."

मी गणितात एम.ए. केलं आणि पुण्यात सहा वर्षं शाळेत शिकवलं. इथे आल्यापासून घरीच असते, पण फळा सुटलेला नाही. बाबा डबा बंद करत होते आणि मला एक जुना प्रश्न आठवला: गोल वस्तू कशाही रचल्या तरी मध्ये फटी राहतातच, मग त्या कमीत कमी कशा करायच्या?

गंमत म्हणजे हा प्रश्न युरोपात तोफगोळ्यांपासूनच निघाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सर वॉल्टर रॅलेने आपल्या पदरच्या थॉमस हॅरियट या गणितज्ञाला विचारलं की जहाजावर रचलेल्या गोळ्यांच्या राशीत गोळे किती, हे पटकन कसं सांगायचं? आपल्याकडे याचं उत्तर त्याच्या हजारेक वर्षं आधी आलं होतं. आर्यभटाने ४९९ साली लिहिलेल्या 'आर्यभटीया'त त्रिकोणी तळाच्या राशीतले गोळे मोजायचा नियम आहे: थरांची संख्या, तिच्या पुढची आणि त्याच्या पुढची अशा तीन संख्यांचा गुणाकार करायचा आणि सहाने भागायचं. चार थर असतील तर चार गुणिले पाच गुणिले सहा, भागिले सहा, म्हणजे वीस. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने ताटात दहा, सहा, तीन, एक असे लाडू रचून पडताळा घेतला. एक लाडू कमी पडला, तो तिच्या तोंडात सापडला.

हॅरियटने हा विषय पुढे केप्लरला पत्रांतून कळवला. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा हाच तो केप्लर. १६११ साली त्याने एका मित्राला नववर्षाची भेट म्हणून हिमकणांवर छोटी पुस्तिका लिहिली. हिमकण षट्कोनीच का, हे शोधताना त्याने म्हटलं की फळवाला संत्री रचतो तशी खळग्यात-खळगा रचना सर्वांत दाट. या रचनेत शंभरातले सुमारे ७४ भाग गोळ्यांनी भरतात आणि २६ भाग हवा राहते. नुसते ओतले आणि हलवले, माझ्या गेल्या वर्षीच्या लाडवांसारखे, तर साधारण ६४च भाग भरतात. प्रत्येक फळवाल्याला ठाऊक असलेली ही गोष्ट सिद्ध करायला मात्र जवळजवळ चारशे वर्षं लागली. थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये सिद्धता जाहीर केली. ती इतकी लांबलचक होती, की तपासणारेही शंभर टक्के खात्री देईनात. मग २०१४ मध्ये संगणकाकडून तिची पायरीन्‌पायरी तपासून घेतली गेली. हेल्स तेव्हा पिट्सबर्ग विद्यापीठात होते, म्हणजे माझे लाडू जिथे चुरा होऊन पोचले त्याच गावात!

पुढच्या रविवारी आम्ही बाबांना बोल्सबर्गला नेलं. आमच्यापासून दहा मिनिटांवर आहे. तिथल्या पेनसिल्व्हेनिया मिलिटरी म्युझियमसमोर 'यूएसएस पेनसिल्व्हेनिया' या युद्धनौकेच्या दोन प्रचंड तोफनळ्या ठेवल्या आहेत. चौदा इंची तोंड. लेक त्यात डोकं घालू बघत होती. बाबा नळीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि मग बाकावर बसून, मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं इतकं बोलले. खिशातल्या कागदी रुमालावर त्यांनी एक गोल काढला, मध्ये एक टिंब, भोवती सहा.

"हा तुझा लाडवाचा डबा. आणि हाच त्या काळचा कॅनिस्टर."

अमेरिकन यादवी युद्धात बारा पौंडी नेपोलियन तोफेसाठी पत्र्याचा डबा असे. त्यात सत्तावीस लोखंडी गोळ्या चार थरांत बसवलेल्या, तीन थरांत सात-सात आणि एकात सहा. फटींत लाकडाचा भुसा ठासलेला. आमच्या कुरमुऱ्यांचं काम तो भुसा करायचा. तोफ उडाली की डबा फाटे आणि गोळ्या पसरत जात. इथून अडीच-तीन तासांवरच्या गेटिसबर्गला जुलै १८६३ मध्ये चाल करून येणाऱ्या रांगांवर असेच डबे उडाले.

हे काही परक्यांचंच नाही. जालना जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंद्यांच्या तोफखान्याने वेलस्लीच्या फौजेवर लांबून भरीव गोळे टाकले आणि फौज जवळ आल्यावर छर्रे. शिंदे लढाई हरले, पण त्या तोफांनी घेतलेले बळी वेलस्ली विसरला नाही. पुढे वॉटर्लू जिंकूनही तो असईलाच आपली सर्वांत चांगली लढाई मानत असे.

त्याच १८०३ साली ब्रिटिश सैन्याने हेन्री श्रॅपनेल या अधिकाऱ्याचा गोळा स्वीकारला. डबा नळीच्या तोंडाशीच फाटतो, म्हणून त्याचा उपयोग जवळच. श्रॅपनेलने पोकळ गोळ्यात छर्रे आणि थोडी दारू भरून तो शत्रूच्या डोक्यावर जाऊन फुटेल असं केलं. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश अठरा पौंडी तोफेच्या एका गोळ्यात असे सुमारे ३७५ छर्रे असत. ते आत खुळखुळू नयेत म्हणून फटींत वितळलेली राळ ओतत. बातम्यांत आपण 'श्रॅपनेल' वाचतो, ते या माणसाचं आडनाव.

"म्हणजे सगळी अक्कल फटी बुजवण्यात," मी म्हटलं.

"पुढच्यांनी त्याहून अक्कल चालवली," बाबा म्हणाले. "त्यांनी लाडूच बदलला."

गोल वस्तूंत २६ भाग हवा राहणारच. मग वस्तू गोल ठेवायचीच कशाला? आपल्या स्टीलच्या वाट्या एकात एक बसतात तसा आकार दिला तर? १९७०च्या दशकात अमेरिकेने तयार केलेल्या १५५ मिलिमीटरच्या एका तोफगोळ्यात ८८ छोटे हातबाँब बसवले, आठ-आठचे अकरा थर. प्रत्येकाचा आकार डबीसारखा, एका बाजूने पोकळ, आणि त्या पोकळीत शेजारच्याचं डोकं बसतं. वर घडी घातलेली कापडी फीत, हवेत उलगडली की बाँब सरळ खाली यावा म्हणून. जागेची काटकसर म्हणून पाहिलं, तर गणिताच्या शिक्षिकेने दाद द्यावी अशी.

पण इथे एक फरक आहे, आणि तो मला घरी परतल्यावर, रात्री भांडी घासताना लक्षात आला. कॅनिस्टरमधली गोळी म्हणजे लोखंडाचा तुकडा. जमिनीवर पडली की तिचं काम संपलं. गेटिसबर्गच्या शेतांत पुढे त्या गोळ्या सापडत राहिल्या, लोकांनी त्या कपाटात ठेवल्या. या ८८ मधला प्रत्येक मात्र स्वतंत्र बाँब आहे. तो पडल्यावर फुटायचा असतो. त्याला स्वतःची खटकी लागते, आणि जागा इतकी काटेकोर वाचवलेली, की ती खटकी लहान आणि साधीच असावी लागते. चिखलात पडला, झाडात अडकला, तिरका आला, तर नाही फुटत. शंभरातले पाचच फुटले नाहीत असं धरा. ८८चे पाच टक्के म्हणजे एका गोळ्यामागे चार. आणि तोफा एक गोळा टाकून थांबत नाहीत.

हे गणित करताना माझा डावा अंगठा आपोआप तर्जनीवर गेला. तिथे एक पांढरा व्रण आहे. तुमच्यापैकी पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात वाढलेल्या सगळ्यांना तो उद्योग आठवत असेल. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मोठी माणसं उठायच्या आत, रस्त्यावरच्या कागदांच्या लाल ढिगातून न फुटलेल्या लवंग्या आणि लक्ष्मीबाँब वेचायचे. फुसके म्हणून. मी दहा वर्षांची होते. वात जळून गेलेला एक लक्ष्मीबाँब मोडून दारू काढत होते, शेजारचा मुलगा काडी घेऊन बसला होता. नशीब, बोटावरच निभावलं. आई रागावली, मारलं नाही, नुसती रडली. मला तेव्हा कळलं नव्हतं, आता मुलगी झाल्यावर कळतं.

उरलेलं वेचणारी ती नेहमी मुलंच असतात. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर विमानांतून टाकलेल्या छोट्या बाँबची संख्या २७ कोटींच्या पुढे सांगतात. त्यांतले आठ कोटींपर्यंत फुटलेच नाहीत. त्यांतले बरेच टेनिसच्या चेंडूएवढे. लाओसमधली माणसं त्यांना 'बॉम्बी' म्हणतात, आणि तिथली मुलं अजूनही ते चेंडू समजून उचलतात. २००६ मध्ये दक्षिण लेबनॉनमध्ये तोफगोळ्यांतून आलेले बाँब ऑलिव्ह आणि संत्र्या-लिंबांच्या बागांत अडकून राहिले. फळं झाडावर पिकली आणि माणसं बागेत जाऊ शकली नाहीत. गोळ्याच्या आत बोटभर जागा वाचवली आणि बाहेर शेतंच्या शेतं गेली. मला या सगळ्या रचनेचा हिशेब असा दिसतो: आतली वाचवलेली जागा कुणीतरी बाहेर भरून देतो, आणि तो लढणारा नसतो.

लेबनॉननंतर देशोदेशीचे लोक जागे झाले. असे बाँब वापरू नयेत, बनवू नयेत असा करार २००८ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला. शंभराहून अधिक देश त्यात आहेत. आपला जन्मदेश त्यात नाही, आणि हा देशही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेने असेच तोफगोळे युक्रेनला दिले. तिकडे रशियाही अशी अस्त्रं वापरत होता. घरावर चाल करून आलेल्याला कसं थोपवायचं, हा प्रश्न खरा आहे. बाबांनी आयुष्यभर त्याच प्रश्नाची चाकरी केली आणि मला त्यांचा अभिमान आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझं ८८चं गणित दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या हातून गेलेली पेटी कुठे उघडते, ते आम्हाला कधी कळलं नाही," एवढंच म्हणाले.

त्या रविवारी परतताना आम्ही बोल्सबर्गच्या दफनभूमीपाशी थांबलो होतो. तिथे तीन बायकांचा पुतळा आहे. गावातले लोक सांगतात की १८६४ साली या तिघींनी आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहिली आणि तिथूनच मेमोरियल डेची प्रथा सुरू झाली. त्यांतल्या एकीचा मुलगा गेटिसबर्गला गेला होता. लेकीने विचारलं, "आजोबा, या काय करतायत?" बाबा म्हणाले, "नंतरचं काम."

लाडू यंदा पिट्सबर्गला अख्खे पोचले. बहिणीने डब्याचा फोटो पाठवला, वर लिहिलं, "एकही हललेला नाही. कुरमुऱ्यांचा चिवडा केला." आम्ही लक्ष्मीपूजनाला अंगणात फक्त फुलबाज्या आणि दोन भुईनळे लावले. सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले, बाहेर थंडी चांगलीच होती. बाबा माझ्याही आधी अंगणात. हातात पाण्याची बादली, वाकून गवतातून एकेक विझलेली तार उचलत होते. मीही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली.