मॅक्रो लेन्स नाही म्हणून अडत नाही

‘कॅमेरा आहे हो, पण मॅक्रो लेन्स कुठे परवडते?’ निगडीपासून चाकणपर्यंत फोटोग्राफीची हौस असलेल्या कुणाशीही बोला, गाडी इथेच अडते. हे ऐकून आता संताप येतो, कारण त्यापायी चांगले कॅमेरे कपाटात पडून राहतात.

एक सेंटिमीटरची अळी सेन्सरवरही एक सेंटिमीटरच उमटली, की झालं १:१ मॅक्रो. त्यासाठी लेन्स सेन्सरपासून लांब न्यावी लागते. एक्स्टेन्शन ट्यूब तेवढंच करते. नुसती पोकळ नळी, आत काच नाही. नळीची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ, तेवढी भर पडते. कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्सचं कमाल मॅग्निफिकेशन कंपनीच्या माहितीपत्रकातच ०.२१ दिलंय. मागे ३६ मिमीची नळी लावा: ०.७२ वाढले, बेरीज ०.९३. आणखी काय हवं?

मॅक्रो लेन्समुळे किड्यापासून जरा लांब थांबता येतं, हे मान्य. पण नवख्यांचे फोटो बिघडतात ते भलत्याच कारणाने. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/८ ठेवलं, तर जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. भोसरीत रोज व्हर्नियर हाताळणाऱ्याला हे माप समजावून सांगायला नको. आपण श्वास घेतला तरी फोकस डोळ्यावरून पाठीवर सरकतो आणि लाखाच्या लेन्सलाही यातून सूट नाही. म्हणून फोकस रिंग सोडा, स्वतः किंचित पुढेमागे झुका. पैसे टाकायचेच तर फ्लॅशवर टाका. त्यावर पॅकिंगचा पांढरा पातळ फोम बांधला की उजेड मऊ पडतो.

‘मग एफ/२२ ठेवू, सगळंच स्पष्ट येईल.’ नाही. १:१ ला ते प्रत्यक्षात एफ/४४ होतं आणि डिफ्रॅक्शनने अख्खा फोटो मऊ पडतो.

‘किड्यांसाठी लोणावळ्याच्या जंगलात जावं लागतं.’ गॅलरीतल्या कढीपत्त्याची पानं उलटून बघा. पक्ष्याची शीट वाटावी अशी लाइम बटरफ्लायची लहान अळी तिथे सापडू शकते. काडीने डिवचू नका. ती डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढते, म्हणजे ती घाबरलेली असते.

‘किडा फ्रीजमध्ये ठेवला की हलत नाही.’ हा सल्ला देणाऱ्यांना हात जोडून विनंती: हे करू नका. काही फुलपाखरं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, ती पकडणं गुन्हा आहे. पहाटे उठा. गारव्याने किडे आपसूक सुस्तावलेले असतात.