ग्रंथवाचनासाठी टॅब्लेट की ई-इंक?

वाचनासाठी टॅब्लेट घ्यावा की ई-इंकचे यंत्र, असा प्रश्न संशोधक विद्यार्थ्यांपुढे नेहमी येतो. त्याचे उत्तर यंत्रापेक्षा ग्रंथाच्या स्वरूपावर अधिक अवलंबून आहे.

ई-इंकच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असून त्यांत काळे व पांढरे विद्युत्‌भारित कण असतात. विद्युत्क्षेत्र बदलले की हे कण वरखाली सरकतात व अक्षर उमटते. उमटलेले पान टिकवण्यास वीज लागत नाही. शिवाय ते कागदाप्रमाणे बाहेरच्या प्रकाशावर वाचले जात असल्याने मराठवाड्याच्या उन्हातही स्पष्ट दिसते. टॅब्लेटचा पडदा स्वतः प्रकाश देतो आणि उन्हात फिका पडतो.

ग्रंथ युनिकोड मजकुराच्या रूपात असेल, तर अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात. तेथे ई-इंक निःसंशय श्रेष्ठ होय. परंतु संशोधकास लागणारे जुने मराठी ग्रंथ बहुधा पानांच्या छायाचित्रांच्या रूपातच मिळतात. डेमी आकाराचे ५.५ इंच रुंद पान ६ इंची यंत्राच्या सुमारे ३.६ इंच रुंद पडद्यावर बसवले, तर १० पॉइंटचे अक्षर ६.५ पॉइंटचे होते. मग अनुस्वार व रफार नीट ओळखू येत नाहीत. ‘लीळाचरित्रा’सारख्या ग्रंथाच्या पाठचिकित्सेत एवढी चूकही अर्थ फिरवू शकते. १० इंची पडद्यावर तेच पान जवळजवळ मूळ आकारात दिसते. त्या आकाराचे ई-इंक यंत्रही मिळते. मात्र ते महाग असते.

म्हणून खरेदीपूर्वी प्रत्येकाने आपल्या संदर्भग्रंथांची यादी तपासावी. तीत छायाचित्रित पाने अधिक असल्यास मोठा टॅब्लेटच श्रेयस्कर.