तिच्या आईचा मोगरा

लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा गॅलरीत मोगऱ्याची कुंडी होती. नऊ वर्षांच्या लेकीच्या आईने लावलेली. जानेवारीअखेर मी तो चांगला छाटला. मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. माहेरी दरवर्षी हेच करत असू. शाळेतून आलेली लेक मात्र उरलेले खुंट पाहून किंचाळली, "माझ्या आईचं झाड होतं ते!"

आधी विचारायला हवं होतं, हे मला कात्री ठेवल्यावर सुचलं. चार दिवस अबोला. शेणखत घालायला हाक मारली, आली नाही. पण कुंडीतली माती रोज ओली असायची. पाणी मी घालत नव्हते.

मार्चअखेर कळ्या धरल्या. पहिली ओंजळ तिने आईच्या फोटोपुढे ठेवली. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मावशी, पुढच्या वर्षी मला विचारून काप."