तापलेले इंजिन का रुसते?

सकाळी थंड असताना पहिल्याच सेल्फला चालू होणारी मोटार बोरघाट चढून खंडाळ्याला येते. मंडळी चहाला उतरतात. पंधरा-वीस मिनिटांनी परत येऊन किल्ली फिरवतात, तर इंजिन काही केल्या चालू होत नाही. तासाभराने मात्र तीच गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. प्रीमियर पद्मिनी किंवा अँबॅसॅडर यांसारखी कार्ब्युरेटरची गाडी ज्यांनी चालवली आहे, त्यांना हा अनुभव नवा नाही. पद्मिनीचे उत्पादन केव्हाच थांबले आणि मुंबईतील तिची टॅक्सीही २०२३ साली निवृत्त झाली. तरी हौसेने जपलेल्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. त्यांच्या या दुखण्यात उष्णता, दाब, बाष्पीभवन आणि विद्युतरोध हे सारे धडे एकाच बॉनेटखाली सापडतात. शिवाय एकाच लक्षणामागे अनेक कारणे असतील, तर त्यांतले खरे कसे शोधायचे, हेही त्यातून शिकता येते.

इंजिन बंद, तापमान चढते

पहिला प्रश्न असा, की चालू असताना न अडलेली गाडी थांबल्यावरच का अडते? इंजिन चालू असताना त्याच्याभोवतीचे पाणी साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला असते. ते सतत फिरून रेडिएटरमध्ये उष्णता टाकते. पंखा हवा खेचतो. टाकीतून येणारे ताजे पेट्रोलही पंप आणि कार्ब्युरेटर यांना थंड ठेवते. किल्ली बंद करताच ही तिन्ही साधने एकदम थांबतात. पण इंजिनाच्या जाड लोखंडात आणि कित्येकशे अंश तापलेल्या एक्झॉस्टमध्ये साठलेली उष्णता कोठे जाणार? ती शेजारच्या कमी तापलेल्या भागांकडे वाहते. म्हणजे पंप, कार्ब्युरेटर आणि कॉईल हे भाग गाडी बंद केल्यानंतर अधिक तापतात. जाड बुडाच्या पातेल्यातील दूध गॅस बंद केल्यावरही उतू जाते, तसाच हा प्रकार आहे.

या भागांच्या तापमानाचा आलेख काढला, तर तो आधी चढेल, पंधरा-वीस मिनिटांच्या सुमारास शिखर गाठेल आणि मग हळूहळू उतरेल. म्हणूनच लगेच किल्ली फिरवली तर गाडी चालू होते, वीस मिनिटांनी होत नाही आणि तासाभराने पुन्हा होते. घाटाचा यात काय वाटा? खंडाळ्याच्या उंचीवर हवेचा दाब थोडा कमी असल्याने पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते, पण हा फरक किरकोळ आहे. खरे कारण म्हणजे खालच्या गिअरमध्ये, मंद गतीने ओढलेला चढ. त्यात उष्णता जास्त निर्माण होते आणि समोरून वारा मात्र कमी मिळतो.

चार संशयित

पहिला संशयित म्हणजे पंपातील वाफ. पेट्रोल हे एकच द्रव्य नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच जोडलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना नळीतील दाब कमी होतो आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदू आणखी खाली येतो. नळीत वाफ साठते. पंपाचा पडदा वरखाली होतो, पण वाफ नुसती आकुंचन-प्रसरण पावते आणि द्रव पुढे सरकत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले की ही बाष्पशीलता थोडी वाढते. २०२५ साली भारतात हे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले, हे जुन्या गाडीच्या मालकाने ध्यानात घ्यावे.

दुसरा संशयित याच्या नेमका उलटा आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळते आणि जेटमधून आतल्या मार्गात सांडते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १५ पट हवा लागते. पेट्रोल फारच जास्त झाले, तर ठिणगी पडूनही मिश्रण पेटत नाही.

तिसरा संशयित म्हणजे ठिणगी. तांब्याचा विद्युतरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉईल ३० अंशांवरून १०० अंशांवर गेली, तर तिचा रोध पाव हिश्शाहून अधिक वाढतो. चांगली कॉईल हे सहन करते. पण आतल्या तारेला तडा असेल, तर प्रसरणामुळे जोड सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतो. कंडेन्सरही तापल्यावर दगा देऊ शकतो.

चौथा संशयित म्हणजे सेल्फ. त्याची वेटोळी तापलेली असली किंवा बॅटरीच्या जाड तारांचे जोड गंजलेले असले, तर इंजिन रेंगाळत फिरते.

प्रश्न असा, जो वाटा वेगळ्या करील

आता एक-एक भाग बदलत बसायचे का? नाही. प्रत्येक चाचणी अशी निवडावी, की तिच्या उत्तराने निम्मे संशयित सुटावेत.

पहिला प्रश्न, इंजिन नेहमीच्या जोराने फिरते का? फिरत नसेल, तर बॅटरी, जोड आणि सेल्फ तपासावे. पेट्रोलकडे पाहण्याचे कारण नाही.

जोराने फिरत असेल तर दुसरा प्रश्न, ठिणगी पडते का? वेगळा प्लग तारेला लावून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून हे पाहतात. बॉनेटखाली पेट्रोलची वाफ असते, म्हणून हे काम जाणत्या मेकॅनिकनेच, कार्ब्युरेटरपासून दूर करावे. ठिणगी नसेल किंवा पिवळट, क्षीण असेल, तर कॉईल आणि कंडेन्सर संशयित ठरतात.

ठिणगी निळी, जोरकस असेल तर तिसरा प्रश्न, पेट्रोल जास्त झाले की कमी? प्लग काढून पाहावा. तो ओला आहे, पेट्रोलचा उग्र वास येतो, म्हणजे जास्त झाले. तो कोरडा आहे, म्हणजे पेट्रोल पोचलेच नाही. दोन्हींचे उपाय निराळे आहेत. जास्त झाले असेल, तर चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा, म्हणजे भरपूर हवा आत जाते. ॲक्सिलरेटर वारंवार मारला, तर प्रत्येक वेळी आणखी पेट्रोल आत फवारले जाते आणि दुखणे वाढते. पेट्रोल पोचत नसेल, तर पंपावर ओले फडके ठेवावे. घाटात ड्रायव्हर मंडळी हेच करीत. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते, त्याच तत्त्वाने पंप गार होतो.

अर्ध्या तासाचा फसवा वैद्य

निदानातील मोठी चूक मात्र पुढेच होते. गाडी अडली, मेकॅनिक आला, त्याने कॉईल बदलली आणि गाडी चालू झाली. दोष कॉईलचा होता असे सगळ्यांना वाटले. पण या खटपटीत पाऊण तास गेला आणि तेवढ्यात इंजिन गार झाले! काहीही न करता गाडी चालू झालीच असती. श्रेय मिळाले नव्या कॉईलला, मालकाचे पैसे गेले आणि पुढच्या घाटात तीच रड.

यावर उपाय प्रयोगशाळेतलाच आहे. चाचणी इंजिन तापलेले असतानाच, चार-पाच मिनिटांत उरकावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि खात्री हवी असेल, तर जुना भाग परत बसवून त्याच परिस्थितीत दुखणे पुन्हा येते का, ते पाहावे. ताप आपोआप उतरला की औषधाला श्रेय देण्याची आपली सवय याच जातीची आहे.

वर्गात करून पाहा

पेट्रोल न वापरता पंपातील वाफ मुलांना दाखवता येते. सुई नसलेल्या प्लॅस्टिकच्या मोठ्या सिरिंजमध्ये साधारण ७० अंशांचे पाणी अर्ध्यापर्यंत घ्या. आतील हवा काढून टाका. तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि दांडा जोराने मागे ओढा. १०० अंशांच्या कितीतरी खाली असलेले पाणी बुडबुडे काढत उकळू लागेल. पाणी कढत असल्याने हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.

मग मुलांना विचारा, आजच्या गाड्यांत हे दुखणे क्वचितच का आढळते? या गाड्यांत विजेवर चालणारा पंप टाकीतच बसवलेला असतो. तो पेट्रोल ओढत नाही, तर काही वातावरणांच्या दाबाने पुढे ढकलतो. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. प्रेशर कुकर रोज पाहणाऱ्या मुलांना हे उत्तर स्वतःच सापडेल.